आधी पाठ, मग मान

मधल्या खोलीत चार टेबलं होती आणि चार बायका. प्रत्येक टेबलाला दुधी काच, काचेखाली दिवा, आणि काचेच्या खालच्या कडेला तीन खुंट्या. कागदांना तीन भोकं पाडलेली असत. ती खुंट्यांवर बसवली की कागद जागचा हलत नसे. एक चित्र खाली, दुसरं त्याच्यावर, आणि सगळ्यांत वर कोरा कागद. दिव्याच्या उजेडात खालच्या दोन्ही चित्रांतल्या रेघा वर दिसायच्या, आणि कोऱ्या कागदावर त्यांच्या अगदी मधली रेघ ओढायची. काम एवढंच. पण ते डोळ्यांत तेल घालून करायचं, आणि दिवसभर करायचं.

खोलीतल्या सगळ्यांत जुन्या बाईला सगळे ‘मधली’ म्हणत. हे नाव तिला कामावरून पडलेलं नव्हतं. तीन भावंडांत ती दुसरी, म्हणून आई तिला तशी हाक मारायची. थोरल्या भावानं तिला तीस वर्षांपूर्वी या स्टुडिओत आणलं आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर “मधले, इकडं ये” म्हणून हाक घातली, तेव्हा मालक हसून हसून बेजार झाले होते. “बाईंची नेमणूक आधीच झालेली दिसते,” असं म्हणाले होते. तेव्हा मालकांच्या डोक्यावर केस होते आणि मधलीच्या पाठीला कण्याची आठवण करून द्यायची सवय लागलेली नव्हती.

तिचा भाऊ, ज्याला स्टुडिओतले लहानथोर सगळे दादा म्हणत, तो टोकाची चित्रं काढायचा. माणूस उभा आहे, हे एक टोक. माणूस बसला, हे दुसरं टोक. उभा असलेला माणूस बसेपर्यंत मध्ये जे काही घडतं, ते दहा-अकरा कागदांवर या खोलीत घडायचं. सिनेमात दादाचं नाव यायचं. मधल्या खोलीचं नाव येत नसे, आणि यावं असं तिथं कुणाला कधी वाटलंही नव्हतं. घरी जायच्या वेळी मान सरळ व्हावी, एवढीच त्या चौघींची मागणी असे.

सोमवारी सकाळी मालक स्वतः जिना चढून वर आले. एरवी ते खालूनच घंटा वाजवत.

“विद्यापीठातल्या इंजिनियरनं एक यंत्र केलंय,” दाराला टेकून ते म्हणाले. “कॉम्प्युटर. त्याला दोन चित्रं द्यायची, मधली ते काढतं.”

चौघींतली सगळ्यांत उंच, जिला लांबी म्हणत, तिनं पेन्सिल कानामागं खोवली.

“चहा पितं का हो ते?”

“नाही.”

“मग टिकायचं नाही इथं.”

मालकांना हसू आलं, पण त्यांनी ते अर्ध्यावरच परत घेतलं. गुरुवारी चाचणी आहे, असं सांगितलं. दादांनी यायचं, आणि मधलीनंही यायचं, कारण मधली चित्रं बरोबर आली की नाहीत हे दुसरं कोण सांगणार? चाचणी जमली तर यंत्रासाठी करार होईल. पुढचं ते बोलले नाहीत. जिन्यावरून खाली जाताना मात्र नेहमीपेक्षा हळू गेले.

“म्हणजे आपला पत्ता कट,” चष्मेवाली म्हणाली. ती कमी बोलायची, पण बोलली की पाटीवर लिहिल्यासारखं बोलायची.

चौथी, चिमणी, बावीस-तेवीस वर्षांची होती. घरी दोन लहान मुलं आणि अंथरुणाला खिळलेली सासू. तिनं मान वर केलीच नाही. हातातली रेघ पूर्ण केली, कागद पाच बोटांत धरून पुढंमागं फडफडवून पाहिले आणि विचारलं, “ताई, या ठोंब्याचा गुडघा जरा पुढं आलाय का?”

ठोंब्या हा त्यांच्या सिनेमातला नायक. कारखान्यातल्या कामगारांना ओझं कसं उचलावं हे शिकवणारा तो सिनेमा होता. ठोंब्या प्रत्येक ओझं चुकीच्या पद्धतीनं उचलायचा आणि कंबरडं मोडून घ्यायचा. मग त्याला शहाणपण यायचं. गेले चार महिने चौघीजणी ठोंब्याबरोबर वाकत होत्या आणि उठत होत्या. मधली म्हणायची, त्याला सिनेमाच्या शेवटी अक्कल येईल, आपली कंबर मात्र परत यायची नाही.

“आलाय,” ती म्हणाली. “केसभर मागं घे.”

आता दादाच्या हाताबद्दल सांगायला हवं, कारण खरी भानगड तिथं होती.

वर्षभरापासून दादाचा उजवा हात थरथरत होता. आधी नुसता पेला धरताना, मग सही करताना, मग चित्र काढतानाही. तो डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरायचा आणि काढायचा. रेघा मग सुरकुतल्यासारख्या यायच्या. त्याची चित्रं मधल्या खोलीत आली की मधली आधी त्यांवर कोरा कागद ठेवून रेघा स्वच्छ करून घ्यायची आणि मगच कामाला लागायची. बाकीच्या तिघींना हे दिसत होतं. तिघींनीही मूग गिळले होते. मालकांपर्यंत जायची ती स्वच्छ चित्रं. दादाची बायको जाऊन सात वर्षं झाली होती, मधली तर लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी परत आलेली, आणि धाकटा भाऊ दूर, वर्षाला एक पत्र टाकणारा. दोघं बहीणभाऊ दोन खोल्यांत राहत होते. दादाचं चित्र काढणं थांबलं तर तो दिवसभर त्या दोन खोल्यांत काय करील, या प्रश्नाकडं मधली कधी सरळ पाहत नसे. बाजूनं जायची.

गुरुवारी तिघं विद्यापीठात गेले. यंत्राची खोली इतकी थंड होती की मधलीनं शाल डोक्यावरून घेतली. भिंतीला कपाटं, कपाटांत फिती फिरत होत्या. मध्ये एक टेबल, त्यावर एक गुळगुळीत पाटी, पाटीला वायरनं बांधलेलं पेन, आणि समोर पडदा. पाटीवर ओढलेली रेघ पडद्यावर हिरवी होऊन उमटायची.

इंजिनियर चाळिशीचा होता. स्वेटरचे कोपर विरलेले, डोळे लाल. सहा वर्षं तो या यंत्रामागं होता आणि अजून त्याच्या वरिष्ठांना त्याचा उपयोग पटला नव्हता. बोलताना मात्र अंगात आल्यासारखा बोलायचा.

“दादा, तुम्हाला काहीसुद्धा शिकायचं नाही. प्रोग्राम लिहायचा नाही, आकडे भरायचे नाहीत. मुद्दाम तसंच केलंय मी. कागदावर काढता तसं या पाटीवर काढायचं. पहिलं चित्र काढलं की हे बटण. दुसरं काढलं की हे. मधली अकरा चित्रं यंत्र देईल.”

“आणि यंत्राला मी आवडलो नाही तर?” दादानं विचारलं.

“ते सगळ्यांना सारखंच वागवतं.”

“म्हणजे आमच्या मधलीसारखं नाही,” दादा म्हणाला आणि खुर्चीत बसला.

प्रसंग सोपा निवडला होता. ओझं जड असलं तर ठोंब्या हात वर करून सोबत्याला हाक मारतो. पहिल्या चित्रात हात खाली लोंबता, दुसऱ्यात सरळ वर. दादानं डाव्या हातानं मनगट धरलं. पेनाचं टोक पाटीवर टकटकायला लागलं. मालक शेजारीच उभे होते. मधलीनं पाहिलं, मालकांची नजर पडद्यावर नव्हती. दादाच्या मनगटावर होती.

पहिलं चित्र झालं. दुसरं झालं. इंजिनियरनं बटण दाबलं, फिती गरगरल्या, आणि पडद्यावर ठोंब्या हलला.

हलला म्हणजे काय, उसवला. त्याचं डोकं वळवळत वर गेलं आणि हाताचा पंजा झालं. नाक घरंगळत खाली आलं आणि बुटात शिरलं. पोटाची गोल रेघ उघडली, गुंत्यातल्या दोऱ्यासारखी सगळ्या अंगातून ओढली गेली, आणि शेवटच्या चित्रात जणू काहीच झालं नाही असा ठोंब्या हात वर करून हसत उभा राहिला.

इंजिनियरनं पडद्याची काच बाहीनं पुसली.

“पुन्हा एकदा,” इंजिनियर म्हणाला. पुन्हा केलं. या वेळी डोकं गुडघ्यात गेलं. इंजिनियरनं मग स्वतः पेन घेऊन एक छोटा माणूस काढला, आधी बसलेला, मग उभा. तो माणूस शहाण्यासारखा उठून उभा राहिला.

“माझ्याकडून होतं,” तो ओशाळून म्हणाला. “रेघेतली थरथर गाळायची सोय मी केलेली आहे. यंत्र रेघेवरचे थोडेच ठिपके घेतं आणि त्यांतून आपली रेघ ओढतं. पण इतकी...” दादाकडं बघायचं त्यानं टाळलं. दादा आपल्या हाताकडं बघत होता, एखाद्या नातेवाइकानं चारचौघांत लाज आणावी तसा.

आणि मधलीला सगळं कळलं होतं.

तिला ते पहिल्याच खेपेला कळलं होतं, कारण पडद्याकडं बघायच्या आधी ती दादाच्या पेनाकडं बघत होती. तीस वर्षांची सवय. दादानं पहिलं चित्र डोक्यापासून काढलं होतं, मग नाक, मग पाठ, पोट, हात सगळ्यांत शेवटी. दुसऱ्या चित्रात त्याच्या मनात तो वर केलेला हात भरलेला, म्हणून त्यानं सुरुवात पंज्यापासून केली. पंजा, मग बूट, मग जमेल तसं. दादा जन्मभर असाच काढत आलेला. मनात जे आधी येईल ते कागदावर आधी. यंत्र बिचारं मोजत बसलं होतं. या चित्रातली पहिली रेघ त्या चित्रातल्या पहिल्या रेघेकडं न्यायची, दुसरी दुसरीकडं. ते नाकाला नाक म्हणून ओळखत नव्हतं. इंजिनियर स्वतः नेहमी वरून खाली, एकाच क्रमानं काढायचा, त्यामुळं चित्रकार असं करत नाहीत हे त्याच्या सहा वर्षांत एकदाही ध्यानात आलं नव्हतं.

मधलीचा स्वतःचा क्रम ठरलेला होता. आधी पाठ, मग मान, मग डोकं. उजवा खांदा, उजवा हात, डावा खांदा, डावा हात. बूट शेवटी. अक्षरं ती तिशी उलटल्यावर शिकली. बायकांच्या वर्गातल्या मास्तरीणबाई हातावर पट्टी मारत नसत, पण बजावून सांगत, आधी गोल, मग काना, वरची रेघ शेवटी, आणि दर वेळी तसंच. लहानपणी शिकलेली माणसं हे विसरून जातात. उशिरा शिकलेल्याला विसरता येत नाही. अक्षरांचा क्रम तिच्या हातातून चित्रांत उतरला होता.

ती तोंड उघडणार एवढ्यात मालकांनी तिला बाहेर बोलावलं.

“बाई, दादांच्या हाताचं कधीपासून आहे हे?”

तिनं शाल नीट ओढून घेतली.

“तुम्ही झाकत होता. बरोबर आहे, भाऊ आहे.” मालकांनी रुमालानं टक्कल पुसलं, इतक्या थंडीत. “हे बघा. शनिवारी अकरा वाजता तो इंजिनियर अजून एकदा करून बघणार म्हणतो. करू दे बापडा. पण माझ्या मनातून ते यंत्र उतरलंय. तुमची खोली आहे तशी राहील, निश्चिंत असा. दादांना मात्र आता विश्रांती द्यायला हवी. तुम्हीच त्यांना हलक्या हातानं सांगा. माझ्या तोंडून बरं दिसणार नाही.”

म्हणजे तिनं काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहिली की लांबीचं, चष्मेवालीचं, चिमणीचं आणि तिचं स्वतःचं टेबल जागच्या जागी. बोलली की यंत्र चालणार, थरथर ते गाळणार, दादाची खुर्ची जागच्या जागी, आणि चार टेबलांखालचे दिवे बंद. एकीकडं तिघी, एकीकडं एक. हिशेब सोपा होता. सोपा हिशेब करायलाच जड जातं कधी कधी.

शुक्रवारी मधल्या खोलीत आनंदीआनंद होता. लांबीनं हात गळ्याभोवती गुंडाळून, जीभ बाहेर काढून यंत्राचा ठोंब्या करून दाखवला. चष्मेवाली हसून चष्मा पुसत होती. चिमणीनं घरून बिस्किटांचा पुडा आणला होता.

“घ्या ना ताई.”

“दात दुखतोय.”

“कुठला?”

“सगळे,” मधली म्हणाली, आणि कागद खुंट्यांवर बसवला. त्या दिवशी तिनं नऊ चित्रं काढली आणि त्यांतली चार फाडली.

शनिवारी सकाळी ती स्वयंपाकघरात चहा टाकत होती, तेव्हा दादा कोरा कागद आणि पेन घेऊन आला. दाढी केली होती. हनुवटीला दोन ठिकाणी कापलं होतं.

“मधले, एक पत्र लिहून दे.”

“कुणाला?”

“मालकांना. मी सांगतो, तू लिही.” तो बसला. “हातानं राजीनामा द्यायचा तर हात लागतो गं. तोच तर नाही.” आणि हसला. तसं हसणं तिला मुळीच आवडलं नाही.

तिनं चहा खाली उतरवला आणि लिहायला घेतलं. दादा सांगत गेला. महोदय. प्रकृतीच्या कारणास्तव. इतकी वर्षं आपण मला सांभाळून घेतलंत. मध्येच थांबला.

“मालक परवा काही म्हणाले का तुला?”

“नाही,” ती म्हणाली. मालकांचा निरोप दोन दिवस तिच्या तोंडात तसाच पडून होता.

“म्हणणार होते. तुझ्या तोंडावरून कळतं.” तो तिच्या हाताकडं बघत राहिला. “किती एकसारखं लिहितेस. मी चौथीत असताना पाटीवर तुझं नाव काढून दाखवलं होतं तुला. ‘हे काय चित्र आहे?’ म्हणालीस. तू शाळेत जायला हवं होतंस, मी नाही. मला तर अजून दोन अक्षरं सारखी येत नाहीत.”

“तुझा हात कधीच गप्प बसला नाही. थरथरायच्या आधीही नाही.”

“आता बसेल.”

ती पुढचं वाक्य लिहायला थांबली. दादाचा हात टेबलावर होता. पेल्याला टेकलेला, आणि पेल्यात चहा हलत होता, बारीक गोल गोल. त्याला ते दिसत नव्हतं, किंवा दिसत असून सवयीचं झालं होतं. खिडकीबाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं. तिला वाटलं, आज शनिवार. उद्या रविवार. मग सोमवार येईल, आणि हा असाच इथं बसलेला असेल, दाढी करून, कुठंच जायचं नसताना. संध्याकाळी आपण येऊ तेव्हाही इथंच.

“सही कर,” ती म्हणाली.

त्यानं केली. तिनं कागदाची घडी घातली आणि आपल्या पिशवीत, शालीच्या खाली ठेवली.

“मी देते. आधी त्या थंड खोलीत जाऊन येऊ.”

“आता कशाला?”

“इंजिनियरला निरोप द्यायला नको? सहा वर्षं घालवलीत त्यानं. चपला घाल.”

अकरा वाजता खोलीत इंजिनियर होता आणि मालक होते. मालक घड्याळ बघत उभे होते. मधलीनं पिशवीतून ठोंब्याच्या चित्रांचे दोन कागद काढले, एकात हात खाली, एकात वर, लाल पेन्सिल काढली आणि टेबलाच्या कडेला उभ्या उभ्याच दोन्ही ठोंब्यांच्या अंगावर आकडे घातले. पाठीला एक. मानेला दोन. डोक्याला तीन. सतरा रेघा, सतरा आकडे. प्रत्येक रेघेला एक बाण, कुठून सुरू करून कुठं न्यायची त्याचा.

“या आकड्यांच्या क्रमानं काढ,” तिनं दादाला सांगितलं. “दोन्ही वेळा. मी आकडा म्हणीन, तू रेघ ओढ. मनात काय येतंय ते ऐकू नकोस.”

“मधले, मी तुझ्या आकड्यांवरून चित्र काढू?”

“तीस वर्षं मी तुझ्या चित्रांवरून काढलीच की. एक तास काढून बघ.”

इंजिनियर कागदावर वाकला होता. एकदा बाणांकडं बघितलं, एकदा पाटीकडं. मग त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरलं. “क्रम,” तो म्हणाला. “अरे देवा. नुसता क्रम.”

“बाई,” मालक हळूच म्हणाले, “तुम्हाला कळतंय ना, तुम्ही काय करताय ते?”

“कळतंय,” ती म्हणाली. “एक. पाठ. वरून खाली.”

दादानं मनगट धरलं आणि पाठ ओढली.

“दोन. मान.”

मान.

“तीन. डोकं. डावीकडून फिरव. डावीकडून म्हटलं ना!”

“फिरवतोय गं. घरी पण अशीच करते ही,” दादा इंजिनियरला म्हणाला.

चौदाव्या आकड्यापर्यंत दादाच्या कपाळावर घाम आला होता. सतरावी रेघ झाली. पहिलं चित्र. मग दुसरं, तेच आकडे, तोच क्रम, तीच हाक. शेवटच्या बुटापाशी मधलीचा आवाज बसला. इंजिनियरनं बटण दाबलं.

पडद्यावर ठोंब्या उभा होता. हिरवा, स्वच्छ. दादाच्या हाताची एकही सुरकुती त्याच्या अंगावर नव्हती. त्याची पाठ पाठच राहिली. नाक नाकाच्या जागी राहिलं. डोकं थोडं मागं कललं, अगदी कलायला हवं तितकं, आणि हात वर जायला लागला.

दादा खुर्चीतून अर्धा उठला. “माझी रेघ आहे ही,” तो म्हणाला. “बघ, माझी आहे. दहा वर्षांपूर्वीची.”

मधली मात्र हाताकडं बघत होती. “थांबवा,” ती म्हणाली. “मधल्या चित्रावर थांबवा.”

इंजिनियरनं थांबवलं. मधल्या चित्रात ठोंब्याला हातच नव्हता. खांद्यापाशी नुसता एक थोटका गोळा.

“हे काय?” मालक म्हणाले.

“हात गोल फिरून वर जातो,” मधली म्हणाली. “हे यंत्र त्याला सरळ वर नेतंय, सगळ्यांत जवळच्या वाटेनं. ती वाट खांद्यातूनच जाते. म्हणून मध्ये हात खांद्यात शिरतो आणि परत बाहेर येतो.”

इंजिनियर पडद्याजवळ वाकला. मग म्हणाला, “याला दुरुस्त करायला मला वर्ष लागेल. कदाचित दोन.”

“लागू देत. तोवर मध्ये एक चित्र हातानं द्या. हात बाजूला सरळ असलेलं. म्हणजे हात आधी खालून बाजूला जाईल, मग बाजूनं वर. तरी थोडा आखडेल, पण दिसणार नाही. आकडे तेच.”

“अकराच्या जागी एक,” मालक म्हणाले. त्यांना बोलायचं नव्हतं, पण आकडा तोंडातून निसटला. मग खाली बघत म्हणाले, “म्हणजे वर एक जण लागेल. आकडे घालायला आणि ते मधलं एक काढायला. बाई, ते तुम्हीच...”

“चिमणी,” मधली म्हणाली. “तिला ठेवा. तिची नजर चांगली आहे. क्रम मी पंधरा दिवसांत शिकवते.”

“आणि तुम्ही?”

“मी दमले हो,” ती म्हणाली. हे ती चिमणीच्या मुलांसाठी बोलली, का खरोखरच तिची पाठ बोलली, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. दोन्ही खरं असावं. “लांबीला आणि चष्मेवालीला मात्र हा सिनेमा संपेपर्यंत कामावरून काढायचं नाही. आणि रंगाच्या खोलीत जागा होईल ती आधी त्यांना. हे आत्ता, यांच्यासमोर कबूल करा.”

मालकांनी इंजिनियरकडं बघितलं, दादाकडं बघितलं. “कबूल,” म्हणाले. शब्दाला जागतील असं तिला वाटलं. न जागले तरी तिच्या हातात दुसरं काही नव्हतं.

बाहेर आल्यावर उन्हाची तिरीप तोंडावर आली. दोघं कोपऱ्यापर्यंत चालत गेले. दादा हात खिशात घालून चालत होता, तरुणपणी चालायचा तसा.

“तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं,” तो म्हणाला.

“काय?”

“क्रमाचं. मी तुझा भाऊ आहे. परवा तू तोंड उघडलंस आणि परत मिटलंस ते मी पाहिलं. तू गप्प बसली असतीस तर?”

“तर तू घरी बसला असतास. दिवसभर स्वयंपाकघरात येऊन माझ्या डब्यांची झाकणं उघडून बघितली असतीस.”

“आणि आता तू बसणार घरी.”

“मी झाकणं उघडत नाही. मी झोपणार आहे.”

तो हसला नाही. “ते पत्र?”

तिनं पिशवीतून घडी काढली. त्यानं हात पुढं केला, तो हात हलत होता, आणि कागद दोघांच्या मध्ये क्षणभर फडफडला. मग तिनंच तो फाडला, आधी उभा, मग आडवा, आणि तुकडे परत पिशवीत ठेवले. रस्त्यावर कचरा करायची तिला सवय नव्हती.

“तू घरी जा,” ती म्हणाली. “मला स्टुडिओत जायचंय. आज त्या तिघी अर्धाच दिवस आहेत.”

“मी येऊ?”

“नको. हे मी सांगायचं आहे.”

स्टुडिओच्या जिन्याला सव्वीस पायऱ्या होत्या. तेराव्या पायरीवर ती कठड्याला धरून उभी राहिली. वर लांबीचा आवाज येत होता. काहीतरी सांगून ती सगळ्यांना हसवत होती. मधलीनं श्वास खाली बसू दिला आणि उरलेल्या तेरा चढली.

तिनं सगळं सांगितलं. वर केलेला हात, आकडे, अकराच्या जागी एक. मालकांनी काय कबूल केलं, तेही. चिमणीचं नाव घेतलं तेव्हा चिमणी एकदम रडायला लागली, आणि रडते म्हणून तिची तिलाच लाज वाटली. चष्मेवाली चष्मा काढून नुसती बसली.

लांबीनं कानामागची पेन्सिल काढली. “त्या इंजिनियरला क्रमाचं सांगितलं कुणी?”

“मी.”

“दादांसाठी?”

“हो.”

लांबीनं तिच्याकडं बघितलं. वीस वर्षं शेजारच्या टेबलावर काम केलेली बाई जशी बघते तसं, सगळं माहीत असल्यासारखं आणि काहीच ओळखीचं नसल्यासारखं. मधली वाट बघत राहिली. लांबी काही बोलली असती तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

“हातातलं पूर्ण करते,” लांबी म्हणाली आणि टेबलाकडं वळली.

मधली आपल्या टेबलाशी बसली. दिवा लावला. काच अजून थंड होती, तापायला जरा वेळ लागायचा. तिनं दोन कागद खुंट्यांवर बसवले, वर कोरा ठेवला आणि डोळे न उचलताच म्हणाली, “चिमणे, खुर्ची घेऊन इकडं ये. डोळे पूस. आधी पाठ, मग मान.”